हंगामी मजुरांची झगझगीत जाकिटे : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळी आटोपून मजूर परतू लागले आहेत. चोपडा तालुक्यातील आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम आजपासून पुन्हा सुरू झाले असून, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गाला मिळणाऱ्या टोकाकडून सहा मोऱ्या आणि दोन्ही बाजूपट्ट्या या हंगामात पूर्ण करायच्या आहेत. वाहतूक बंद ठेवता येत नाही. दिवसा एसटी आणि दुचाक्या, अंधार पडल्यावर केळीचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्याने जातात, आणि आमची माणसे त्यांच्यापासून तीन-चार हातांवर पाठमोरी वाकून काम करतात. सुरक्षेचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. या वहीत फक्त जाकिटांविषयी नोंदी ठेवायच्या, असे ठरवले आहे.

गोदामातील जुनी जाकिटे आज बाहेर काढून मोजली. एकूण ५८ निघाली. संध्याकाळी गोदामाचे दार लावून घेतले, भिंतीवर एकेक जाकीट टांगले आणि बॅटरी डोळ्याशेजारी, कपाळाला टेकवून पंधरा पावलांवरून पाहिले. बॅटरी डोळ्याजवळ धरणे महत्त्वाचे आहे, कारण जाकिटावर शिवलेली परावर्तक पट्टी प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते. बॅटरी कमरेजवळ धरली तर चांगली पट्टीही मंद दिसते. वाहनाचा दिवा आणि चालकाचा डोळा जवळजवळ एकाच रेषेत असतात, त्यावरच हिचे सारे काम अवलंबून आहे. आमच्याकडे सगळे हिला ‘रेडियम’ म्हणतात. तिच्यात रेडियम नसते आणि ती स्वतःहून उजळतही नाही. तिच्या पृष्ठभागावर काचेचे अत्यंत बारीक मणी बसवलेले असतात; ते घासून गेले किंवा चिखलाखाली दडले, की उरते ती राखाडी कापडाची साधी फीत.

५८ पैकी १७ जाकिटांची पट्टी उजळली. उरलेल्या ४१ पैकी बऱ्याच जाकिटांचा रंगही उन्हाने उडून कच्च्या आंब्याच्या फोडीसारखा फिका झाला होता. गेल्या हंगामात हीच जाकिटे वाटली गेली आणि वाटणाऱ्यांत मीही होतो. कायम कर्मचाऱ्यांना दरवर्षी नवे जाकीट मिळते आणि त्यांनी टाकलेले हंगामी मजुरांच्या ढिगात जाते, ही पद्धत कोणी ठरवली नव्हती. ती आपोआप पडत गेली. वास्तविक वाहनांच्या सर्वांत जवळ, सर्वांत जास्त वेळ उभा राहतो तो हंगामी मजूर.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

रंगाचा प्रश्न आज प्रत्यक्ष रस्त्यावर सोडवायचे ठरवले. दुकानदार दोन रंग दाखवतात, पिवळट हिरवा आणि नारिंगी, आणि दोन्ही सारखेच म्हणून सांगतात. मोकळ्या करड्या रस्त्यावर ते खरेही असेल. परंतु आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत. ऊन पडले की केळीची पाने स्वतःच पिवळट हिरवी चमकतात. त्यांच्यासमोर पिवळट हिरवे जाकीट घालून मुकादम उभे राहिले तेव्हा शंभर मीटरांवरून त्यांचे डोके आणि पाय दिसत होते, मधला भाग मात्र बागेत विरघळल्यासारखा झाला होता. त्याच जागी नारिंगी जाकीट घालून ते उभे राहिले, तेव्हा पहिल्या नजरेत उठून दिसले.

तरीही नारिंगी सर्वत्र चांगला ठरला नाही. मुरमाचा लालसर ढीग, रस्ता अडवणारे नारिंगी शंकू आणि त्याच रंगाची जाळी यांच्यामध्ये उभा असलेला नारिंगी माणूस शंकूंच्या रांगेतला आणखी एक शंकू वाटतो. पोकलेन आणि जेसीबी पिवळ्या असल्यामुळे त्यांच्याशेजारी पिवळे जाकीट हरवते, हेही दिसले. शेवटी असा निर्णय घेतला की बागांमधून जाणाऱ्या पट्ट्यातील आणि यंत्रांभोवतीच्या मजुरांना नारिंगी, तर मुरमाचे भराव चालू आहेत तेथे आणि वाहने थांबवणाऱ्या झेंडीवाल्यांना पिवळट हिरवे जाकीट द्यायचे. मुकादमांना ही दुहेरी व्यवस्था कटकटीची वाटली. त्यांची अडचण खरी आहे, पण जो कोणी आज स्वतः रस्त्यावर उभा राहून पाहत होता, त्याला फरक सांगावा लागला नाही.

या रंगांचे काम दिवसाचे आहे, हे येथे लिहून ठेवतो. फ्लोरोसंट रंग डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून तो दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, म्हणून ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळताना आसपासचे सगळे मलूल झाले तरी हे कापड झगझगीत राहते. रात्री दिव्याच्या उजेडात अतिनील प्रकाश फारसा नसल्यामुळे ते साध्या रंगीत कापडासारखे होते. रात्रीचा सगळा भार पट्टीवर असतो. दिवसाला रंग आणि रात्रीला पट्टी अशी वाटणी असल्याने, दोहोंपैकी एक जरी गेले तरी जाकीट अर्धे मेले असे धरले पाहिजे.

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

मागणीपत्र तयार केले. त्यात ‘सेफ्टी जाकीट, ६० नग’ एवढेच लिहिले की काय येते, ते गोदामात पाहून झाले आहे. यावेळी भारतीय मानक आयएस १५८०९ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१ यांचा उल्लेख करून दर्जा २ मागितला. आयएसओ मानकानुसार दर्जा २ च्या कपड्यात फ्लोरोसंट कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि परावर्तक पट्टी किमान ०.१३ चौरस मीटर लागते, आणि पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरांपेक्षा कमी चालत नाही. दर्जा ३ साठी हेच आकडे ०.८० आणि ०.२० आहेत, शिवाय बाह्या किंवा पूर्ण लांबीची विजार लागते; बिनबाह्यांचे जाकीट एकटे दर्जा ३ मध्ये बसूच शकत नाही.

आकडे कागदावर कोरडे वाटतात, म्हणून गोदामातील एक जुने जाकीट शिंप्याच्या फितीने मोजले. छातीभोवती १०८ सेंटिमीटरांचे दोन पट्टे आणि दोन खांद्यांवरून पुढे-मागे मिळून ८० सेंटिमीटरांचे दोन पट्टे, एवढी त्याची मांडणी होती. पट्टी ५ सेंटिमीटर रुंद असती तर एकूण १८८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.१९ चौरस मीटरच्या आसपास क्षेत्रफळ भरले असते. प्रत्यक्षात ती अडीच सेंटिमीटर होती. त्यामुळे ०.०९ वरच थांबलो. दिसायला दोन्ही जाकिटे सारखीच, पट्टेही तेवढेच. केवळ रुंदी निम्मी केल्याने एक जाकीट दर्जाच्या बाहेर जाते. अशा जाकिटांच्या दरात फरक पडतो, त्याचे मूळ यातच आहे.

झेंडीवाल्या चौघांसाठी बाह्या असलेली जाकिटे आणि पोटऱ्यांवर पट्टे असलेल्या विजारी मागवल्या. अंधारात छातीवरचे दोन आडवे पट्टे चालकाला फलकासारखे वाटू शकतात. हातापायांवरचे पट्टे चालताना हलतात आणि त्या हालचालीवरून समोर माणूस आहे हे चटकन ओळखू येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला २२ मीटर कापते आणि भारतीय रस्ते काँग्रेसच्या हिशेबाने त्या वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर धरावे लागतात; चालकाला फलक की माणूस असा विचार करायला त्या अंतरात सवड नसते.

कार्यालयातून एक सूचना आली, की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदीत कामगारांना सुरक्षा संच मिळतो, तो आणवावा. सूचना चांगली आहे, पण त्या नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आमचे निम्म्याहून अधिक मजूर सातपुड्यातल्या धडगावकडून येतात, दोन महिने राहतात, मग शेतीला किंवा ऊसतोडीला जातात. ज्यांचे दिवस भरतात त्यांचे अर्ज करून देण्याचे काम मी घेतले आहे, मात्र जाकीट त्या अर्जाची वाट पाहू शकत नाही. सुरक्षा साधने पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

माल आला. प्रत्येक जाकिटाच्या आतील चिठ्ठी, पट्टीची रुंदी, शिलाई आणि पुढची बंदपट्टी तपासली. आठ जाकिटांत खालचा पट्टा काठाला अगदी लागून शिवला होता. तो काठापासून किमान ५ सेंटिमीटर वर हवा, नाहीतर कापड दुमडले की पट्टा आत जातो. आठही परत पाठवली.

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

आज पहिले वाटप झाले आणि मागणीपत्र लिहिताना मी किती जणांचा विचारच केला नव्हता, हे समोर आले. आमच्या ६४ मजुरांत २३ बाया आहेत. त्या लुगड्यावर पुरुषी सदरा घालतात, त्यावर पदर घेऊन कमरेला खोचतात आणि डोक्यावर चुंबळ ठेवून घमेले उचलतात. जाकीट घातल्यावर सवयीने पदर त्यावरूनच घेतला गेला आणि पाठीवरचे दोन्ही पट्टे झाकले गेले. वाहन पाठीमागून येते, म्हणजे नेमके नको तेच झाकले होते.

‘पदर घेऊ नका’ असे सांगणे योग्य नव्हते आणि उन्हात ते शक्यही नाही. पावरा या आदिवासी समाजातील एका बाईंनीच मार्ग दाखवला. त्यांनी पदर आधी डोक्यावरून घेऊन सदऱ्याच्या आत खोचला, त्यावर जाकीट चढवले आणि बाजूच्या पट्ट्या आवळून घेतल्या. पदर डोक्यावर राहिला, पाठ मोकळी राहिली आणि मिक्सरजवळ काम करताना सुटे टोक अडकण्याची भीतीही गेली. दुपारपर्यंत बाकीच्या बायांनी तीच रीत उचलली होती. माझ्या सूचनापत्रकापेक्षा ही रीत कितीतरी बरी आहे आणि आता तीच आमची रीत आहे.

मापाचाही घोळ झाला. दुकानातून एकच मोठे माप आले होते. सडपातळ माणसाच्या अंगावर ते गुडघ्यापर्यंत लोंबते, वाकल्यावर पुढे येते आणि फावड्याच्या दांड्यात अडकते. पंधरा लहान मापांची मागणी आजच पाठवली.

१७ डिसेंबर २०२४, मंगळवार

थंडी वाढली आहे आणि सकाळी तापीच्या काठाने धुके उतरते. साडेसातला कामावर पोहोचलो तेव्हा निम्मे मजूर जाकिटावर शाल किंवा स्वेटर घालून बसले होते. धुक्यातच जाकिटाची गरज सर्वांत मोठी आणि नेमके तेव्हाच ते झाकलेले. हिवाळ्यासाठी मोठी मापे वेगळी काढली, जेणेकरून ती स्वेटरवरून घालता येतील. मागच्या नोंदीत ज्या मोठ्या मापांवर मी नाराज होतो, ती येथे उपयोगी पडली. शाल आत, जाकीट बाहेर, एवढे मुकादमांनी रोज सकाळी हजेरीच्या वेळी पाहायचे ठरले.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

महिनाभर वापरलेली दहा जाकिटे गोदामात टांगून पुन्हा बॅटरीची तपासणी केली. सहा जाकिटांची पट्टी उत्तम होती. तीन मध्यम. एकाची पट्टी जवळजवळ गेली होती आणि ते जाकीट तर सर्वांत स्वच्छ दिसत होते. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या मजुराच्या घरच्या बाई ते दगडावर धोपटतात, साबणवडी लावून ब्रशने घासतात आणि वरून धुण्याचा सोडा टाकतात. त्यांनी कपडा निगुतीने धुतला होता. चूक त्यांची नव्हती, कारण कसा धुवायचा हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. आतील चिठ्ठीवर धुण्याची चिन्हे होती, पण ती चिन्हे ओळखणारे छावणीत कोणी नाही. मी स्वतः दोन चिन्हांचा अर्थ पाहून घेतला.

आज सायंकाळी छावणीतल्या हातपंपाजवळ सर्वांसमोर एक जाकीट धुऊन दाखवले. आधी ते उलटे करायचे, म्हणजे पट्टी आत जाते. सुकलेला चिखल आणि सिमेंट हाताने झटकून घ्यायचे. ओल्या सिमेंटवर लगेच पाणी टाकायचे, कारण ते एकदा बसले की पट्टीसकटच निघते. कोमट किंवा थंड पाण्यात साधी पावडर टाकून हाताने चुबकायचे, पट्टी ब्रशने घासायची नाही, पिळताना आवळायचे नाही. ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव बिलकूल नकोत. वाळत घालायचे ते सावलीत. खान्देशच्या उन्हात कपडे तासाभरात वाळतात हे खरे, परंतु फ्लोरोसंट रंग त्याच उन्हात उडतो आणि कामावर दिवसभर ऊन खाल्लेले जाकीट सुट्टीच्या दिवशीही दोरीवर तापवत ठेवण्यात अर्थ नाही.

धुण्याचा भार मजुरांवर टाकायचा का, हा प्रश्न त्यातून निघाला. बाया दिवसभर घमेली उचलून येतात, स्वयंपाक करतात, पाणी भरतात आणि त्यात आम्ही त्यांना आणखी एक नाजूक धुणे देतो. कंत्राटदारांशी बोललो. जाकीट हे कामाचे साधन आहे, फावड्याला धार लावण्याची जबाबदारी आपण घेतो तशी याचीही घ्यावी, असे मांडले. दर रविवारी गोदामातच धुणे व्हावे आणि त्यासाठी दोघांना पूर्ण हजेरी द्यावी, हे मान्य झाले. या हंगामातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय हाच आहे.

२२ जानेवारी २०२५, बुधवार

डांबराचे काम सुरू झाले. डांबरी मिश्रण १५० अंश सेल्सिअसच्या वर असते आणि जाकिटे पॉलिस्टरची आहेत. गरम डांबराचा शिंतोडा कापडावर चिकटून राहतो आणि ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला धरते. सळया गॅसने कापणाऱ्या दोघांना ही जाकिटे वापरू दिली नाहीत. ते वाहतुकीपासून आत, आडोशाला काम करतील आणि जाड सुती कपडे घालतील. डांबराचे डाग काढण्यासाठी डिझेल वापरण्याची जुनी सवय आहे. डिझेल लागलेले कापड पेट घेते आणि पट्टीचा लेपही सुटतो, म्हणून डागाळलेले जाकीट थेट बाद करायचे.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

काल रात्री चौथ्या मोरीचे काँक्रीट चालू असताना केळीचा एक ट्रक झेंडीवाल्याच्या इतका जवळ येऊन थांबला, की त्याला मागे उडी मारावी लागली. इजा झाली नाही. त्याचे जाकीट नवे होते, बाह्यांसह होते, पट्टी चांगली होती. मी सकाळपासून याचाच विचार करतो आहे.

आज रात्री त्याच जागी मोटार घेऊन चालकाच्या बाजूने आलो. कारण लगेच दिसले. मोरीवर उजेड पाडण्यासाठी लावलेले दोन मोठे दिवे रस्त्याच्या दिशेला तोंड करून होते. त्यांचा झोत चालकाच्या डोळ्यांवर येत होता आणि झेंडीवाला त्या झोताच्या अलीकडे उभा असल्याने नुसती काळी आकृती दिसत होता. त्या दिव्यांचा प्रकाश त्याच्या पाठीवर पडून दिव्यांकडेच परत जात होता. मोटारीच्या दिव्यांना उत्तर देणारी समोरची पट्टी त्या झगमगाटात पुसली जात होती. दिव्यांची तोंडे खाली आणि चालकाच्या डोळ्यांवर झोत येणार नाही अशी, वाहने जातात त्याच दिशेला वळवली, झेंडीवाल्याची जागा तीस मीटर पुढे अंधारात नेली आणि पुन्हा मोटार घेऊन आलो. तो लांबूनच लख्ख दिसला. उजेडात उभे असलेल्याला सुरक्षित वाटते, त्यामुळे अंधारात उभे राहा असे सांगणे त्यालाही चमत्कारिक वाटले. म्हणून त्याला मोटारीत बसवून दुसऱ्याला त्या जागी उभे करून दाखवले.

६ मार्च २०२५, गुरुवार

उद्यापासून सातपुड्यात होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार सुरू होतील आणि होळीसाठी धडगावकडचे सगळे मजूर गावी निघाले आहेत. जाकिटे परत घेण्याचा प्रश्न उभा राहिला. परत न करणाऱ्याच्या मजुरीतून रक्कम कापावी, असे सुचवण्यात आले. मी त्याला विरोध केला. कापणीची भीती असली की मजूर जाकीट जपून पालात ठेवतो आणि कामावर जुना सदरा घालून येतो, हे मी दुसऱ्या एका कामावर पाहिले आहे. मजुरीच्या हिशेबाच्या वेळी टेबलाशेजारी धुण्याचे पिंप ठेवले, जाकीट तेथे टाकायचे आणि मग अंगठा किंवा सही. ६४ पैकी ५९ परत आली. जी पाच गेली, त्यांपैकी दोन जाकिटे घालून मजूर मोटारसायकलवर घाटातून घरी गेले असे कळले. तो वापर वाया गेला असे मला वाटत नाही.

२४ मार्च २०२५, सोमवार

होळीनंतर आलेल्या तुकडीत ३८ जण नवे आहेत. प्रत्येक जाकिटावर आतून क्रमांक घातला आणि वहीत क्रमांक, दिल्याची तारीख, धुण्यांची संख्या असे रकाने केले. दुसऱ्याने घातलेले जाकीट धुतल्याशिवाय नव्या माणसाला द्यायचे नाही. घामट, वास येणारा कपडा हातात आला की दिलेल्या साधनाबद्दल आदर राहत नाही आणि देणाऱ्याबद्दलही.

२१ एप्रिल २०२५, सोमवार

ऊन असह्य झाले आहे. दुपारी बारानंतर जाकिटे झाडाच्या फांदीला टांगलेली दिसू लागली. एक आप्पा म्हणाले, “भाऊ, यामा जीव घाबरस.” त्यांना रागावण्यासारखे काही नव्हते, मी स्वतः तासभर जाकीट घालून उभा राहिलो आणि सदरा भिजून अंगाला चिकटला. जाळीच्या कापडाची दहा जाकिटे आणून पाहिली. मोठ्या भोकांच्या जाळीतून आतला काळपट सदरा दिसतो आणि रंग मरतो, बारीक जाळीच्या जाकिटांत हा दोष कमी आहे. बारीक जाळीची जाकिटे घेतली आणि त्यांच्या आत फिकट सुती सदरा घालायला सांगितले. त्याबरोबर कामाची वेळही बदलून घेतली : सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर. जीव घाबरवणारे जाकीट कोणी घालणार नाही आणि ते घालायची सक्ती करून उष्माघात ओढवून घेणेही बरोबर नाही.

२८ एप्रिल २०२५, सोमवार

परवा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, असल्याने उद्यापासून चार दिवस काम बंद राहील. सर्व जाकिटांची शेवटची तपासणी केली. नोव्हेंबरमध्ये नव्या मालातील दोन्ही रंगांचे एकेक जाकीट कापून दोन तुकडे, एक नारिंगी आणि एक पिवळट हिरवा, पट्टीसह वहीच्या पाकिटात अंधारात ठेवले होते. त्यांच्याशेजारी वापरलेले प्रत्येक जाकीट ठेवून दिवसा रंग आणि रात्री पट्टी पाहिली. ७१ पैकी ४८ चालू राहतील, १४ फक्त दिवसाच्या कामाला चालतील आणि ९ बाद झाली. बाद जाकिटांच्या पट्ट्या कात्रीने कापून टाकल्या, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या अंगावर जाणार नाहीत. कापड यंत्रे पुसायला दिले. दिवसाच्या १४ जाकिटांच्या गळ्याला काळा दोरा शिवला आहे. संध्याकाळी सहानंतर काळ्या दोऱ्याचे जाकीट रस्त्यावर दिसले तर ते बदलून द्यायचे, हे मुकादम, भांडारपाल आणि रात्रीचे पर्यवेक्षक या तिघांना सांगितले आहे. नव्या २५ जाकिटांची मागणी आज गेली.